खाण संपते, गाव उरते

दान ताकुमा नावाच्या जपानी खाण अभियंत्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या मालकांना एक गोष्ट बजावली होती. कोळशाची खाण कायमची नसते, ती आज ना उद्या संपणारच. पण बंदर बांधून ठेवले तर खाण गेल्यावरही माणसांना तिथे काही उद्योग उभा करता येईल. खाण ऐन भरात असताना, नफा हाती येत असताना हे बोलायला धाडस लागते. क्युशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, अरिआके समुद्राकाठी ओमुता नावाचे गाव आहे. मीइके ही जपानमधली सर्वांत मोठी कोळसाखाण याच गावाच्या पोटात होती. ती ३० मार्च १९९७ रोजी बंद झाली. दानचे बंदर मात्र आजही चालू आहे. ओमुता पाहायला जायचे ते हे दोन्ही पाहायला, आणि या दोहोंच्या मध्ये अडकलेल्या माणसांची हकिगत समजून घ्यायला.

फुकुओका शहरातल्या तेन्जिन स्थानकातून खासगी रेल्वेची जलद गाडी पकडली की तासाभरात ओमुता येते. ते त्या मार्गाचे शेवटचे स्थानक. वाटेत सपाट भातशेती, कालवे, छोटी गावे. उतरल्यावर लक्षात येते की रस्ते गावाच्या मानाने रुंद आहेत. बाजारपेठ छताखालची, लांबलचक, आणि बऱ्याच दुकानांची शटरे खाली ओढलेली. १९५९ साली या गावाची वस्ती दोन लाख आठ हजारांच्या घरात होती. आज ती जवळपास निम्म्यावर आली आहे, आणि उरलेल्यांत तिघांतला एकाहून जास्त पासष्टीच्या पुढचा. परळ-लालबागमध्ये गिरण्या बंद पडल्यानंतरची काही वर्षे ज्यांनी पाहिली, त्यांना ही शांतता ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे गिरणीच्या जागी टोलेजंग इमारत उभी राहण्याइतका जमिनीला भाव नाही. त्यामुळे जुन्या गोष्टी जागच्या जागी राहिल्या आहेत.

इथल्या कोळशाची दंतकथा १४६९ सालची आहे. एका शेतकऱ्याने थंडीत डोंगरावर शेकोटी पेटवली आणि शेजारचा काळा दगडच पेटला, अशी. खरा इतिहास १८७३ साली सुरू होतो. मेइजी सम्राटाच्या सरकारने त्या वर्षी खाण आपल्या ताब्यात घेतली आणि १८८८मध्ये लिलावात काढली. मित्सुई घराण्याने ४५ लाख ५५ हजार येनची बोली लावली. दुसऱ्या क्रमांकाची बोली तिच्याहून अवघ्या २,३०० येनने कमी होती, आणि तिच्यामागे प्रतिस्पर्धी मित्सुबिशी उभी होती. एवढ्याशा फरकाने एका गावाचे पुढचे शतक एका कंपनीच्या नावे लिहिले गेले.

मित्सुईला खाणीसोबत माणूसही मिळाला. दान ताकुमा तेरा वर्षांचा असताना, १८७१ साली, इवाकुरा या सरकारी शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेला गेला होता. तिथे बोस्टनच्या एमआयटीतून त्याने खाणशास्त्राची पदवी घेतली. खाण विकली गेली तेव्हा तो सरकारी नोकरीत होता. मित्सुईने त्याला आपल्याकडे घेतले. मीइकेचा खरा शत्रू होता पाणी. एक टन कोळसा वर काढायचा तर त्याच्या कितीतरी पट पाणी उपसावे लागे. १८८९च्या भूकंपानंतर मीइकेतल्या काचिदाची खाणीत पाणी भरले आणि काम ठप्प झाले. दानने इंग्लंडहून डेव्ही जातीचे प्रचंड वाफेचे पंप मागवले, १८९३मध्ये ते बसवले आणि खाण कोरडी केली. त्यानंतर त्याचा शब्द कंपनीत कोणी खाली पडू दिला नाही.

दुसरी अडचण समुद्राची. अरिआके समुद्रातली भरती-ओहोटी जपानमध्ये सर्वांत मोठी, साडेपाच मीटरच्या आसपास. ओहोटीला किनाऱ्यापासून दूरवर नुसता चिखल उघडा पडतो. मोठे जहाज किनाऱ्याला लागणे अशक्य. म्हणून कोळसा छोट्या होड्यांत भरायचा, समोरच्या शिमाबारा द्वीपकल्पातल्या कुचिनोत्सु बंदरात न्यायचा आणि तिथे हातांनी मोठ्या जहाजांत चढवायचा. हे ओझे वाहायला दक्षिणेकडच्या योरोन बेटावरून माणसे आणली गेली. १८९८च्या वादळानंतर त्या बेटावर दुष्काळ पडला होता. मजुरी स्थानिकांपेक्षा कमी, बोली वेगळी, राहणे वेगळ्या वस्तीत, आणि वर हेटाळणी. मीइके बंदर झाल्यावर त्यांतले बरेच जण ओमुतात आले. त्यांच्या वंशजांची घरे आणि पूर्वजांचे स्मशान आजही गावात आहे.

बंदराचे काम १९०२ ते १९०८ असे चालले. चिखलाच्या समुद्रात दूरवर दोन लांब बांध काढून मधला मार्ग खोल ठेवला आणि आतल्या गोदीच्या तोंडाशी पोलादी दरवाजे बसवले. भरतीला दरवाजे उघडतात, जहाजे आत येतात. ओहोटी लागली की दरवाजे मिटतात आणि आतले पाणी साडेआठ मीटर खोल राहते. बाहेर चिखल, आत दहा हजार टनी जहाज तरंगत उभे. दरवाजाची रुंदी वीस मीटरच्या थोडी वर. तो आजही रोज भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे उघडतो आणि मिटतो. बंदराच्या निरीक्षणस्थळी उभे राहून पाहताना पटते की दान नुसते बोलला नव्हता. स्वतःचे म्हणणे त्याने दगडा-पोलादात उतरवून ठेवले होते. त्याचा स्वतःचा शेवट वाईट झाला. मित्सुईच्या सर्वोच्च पदी असताना ५ मार्च १९३२ रोजी टोकियोत मित्सुई बँकेच्या दाराशी एका अतिरेकी राष्ट्रवादी तरुणाने त्याला गोळी घातली.

मात्र दानच्या दूरदृष्टीचे कौतुक करून ओमुता आटोपत नाही. मीइकेतल्याच मियानोहारा खाणीवर गेले की गोष्टीची दुसरी बाजू समोर येते.

मियानोहारात १८९८ साली कोळसा निघू लागला. दुसऱ्या विहिरीवरचा बावीस मीटर उंचीचा पोलादी सांगाडा आणि त्याला खेटून लाल विटांचे यंत्रघर अजून उभे आहे. माणसांना खाली सोडणारा पिंजरा ज्या चक्रावरून उतरे ते चक्र वर दिसते. स्वयंसेवक मार्गदर्शक उत्साहाने यंत्रे समजावून सांगतात. पण या खाणीचे जुने टोपणनाव होते ‘शुरा-को’, म्हणजे यमयातनांची खाण. कारण इथले मजूर कैदी होते. मीइकेत कैद्यांना राबवणे १८७३पासूनच सुरू झाले होते. १८८३मध्ये त्यासाठी इथे मोठा तुरुंगच बांधला गेला. विटकरी रंगाचे कपडे, डोक्यावर चेहरा झाकणारी टोपली, एकमेकांना साखळीने जखडलेली रांग रोज तुरुंगातून खाणीकडे जाई. दीर्घ मुदतीचे कैदी स्वस्त, संप न करणारे आणि मेले तरी फारशी विचारणा न होणारे. सरकारने खाण विकली तेव्हा हे मनुष्यबळही कंपनीला वापरू दिले. ही प्रथा थांबायला १९३० उजाडले. आपण ज्याला जपानची चमत्कारी प्रगती म्हणतो, तिच्या पायात अशा बेड्या होत्या.

त्या तुरुंगाची उंच भिंत अजून टिकून आहे, एका तांत्रिक शाळेच्या आवाराभोवती. ही शाळा जपानभर ठाऊक आहे ती वेगळ्याच कारणाने. मीइके कोग्यो शाळेच्या पोरांनी १९६५ साली कोशिएन ही जपानमधली सर्वांत मानाची शालेय बेसबॉल स्पर्धा जिंकली. खाणकामगारांच्या मुलांचा तो संघ गावी परतला तेव्हा सारे ओमुता रस्त्यावर आले होते. त्या गर्दीला आनंदाची इतकी भूक का होती, हे कळायला आधीची पाच-सहा वर्षे पाहावी लागतात.

पण त्याआधी युद्धकाळाकडे वळायला हवे. दुसऱ्या महायुद्धात कैद्यांच्या जागी इतर आले. जपानी तरुण सैन्यात गेल्यावर कोरियातून आणि चीनमधून सक्तीने आणलेले मजूर खाणीत उतरवले गेले. दोस्त राष्ट्रांच्या युद्धकैद्यांची छावणीही ओमुतात होती. अमागी उद्यानात कोरियन मजुरांचे स्मारक आहे. पर्यटकांच्या नकाशावर ते ठळक नसते. शोधून जावे लागते.

युद्धानंतर कोळसा हे देशाच्या उभारणीचे इंधन ठरले. १९४९मध्ये स्वतः सम्राट हिरोहितो खाणकामगाराचे शिरस्त्राण घालून मीइकेच्या मिकावा खाणीत उतरले. त्याच काळात मीइकेची कामगार युनियन देशातली सर्वांत भक्कम म्हणून नाव मिळवत होती. क्युशू विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक साकिसाका इत्सुरो इथल्या कामगारांचे अभ्यासवर्ग घेत. पाळी संपवून आलेली माणसे मार्क्सचे ‘भांडवल’ वाचत. कुठल्या कामाला किती माणसे, सुरक्षा नसेल तर काम थांबवायचे की नाही, यावर कामगारांचा शब्द चालू लागला.

मग मध्यपूर्वेतले स्वस्त तेल आले. कोळसा महाग ठरला. डिसेंबर १९५९मध्ये मित्सुईने १,२७८ जणांना कामावरून जायला सांगितले. त्यांत युनियनचे खंदे कार्यकर्ते वेचून घातले होते. युनियनने नकार दिला. २५ जानेवारी १९६० रोजी कंपनीने टाळेबंदी जाहीर केली आणि कामगारांनी बेमुदत संप पुकारला. देशातले सारे भांडवल विरुद्ध देशातले सारे कामगार, असे या लढ्याचे वर्णन तेव्हा झाले आणि ते फारसे अतिशयोक्त नव्हते. जपानभरच्या संघटनांनी पैसे पाठवले, माणसे पाठवली. मालकांच्या बाजूने बँका आणि उद्योगसमूह उभे राहिले.

मार्चमध्ये युनियन फुटली. कामावर परतू पाहणाऱ्यांनी दुसरी युनियन काढली. २९ मार्चला फाटकाशी पहारा देणारा पहिल्या युनियनचा कामगार कुबो कियोशी भाडोत्री गुंडांच्या सुऱ्याने मारला गेला. पुढे कोळसा साठवण्याच्या हॉपरभोवती लढा येऊन थांबला. जुलैमध्ये एका बाजूला सुमारे वीस हजार संपकरी आणि समर्थक, दुसऱ्या बाजूला दहा हजार पोलीस, अशी स्थिती आली. रक्तपात होणार हे दिसत असताना सरकारने मध्यस्थीचा तोडगा पुढे केला. शेवटी १,२७८ जणांनी ‘स्वेच्छेने’ नोकरी सोडली असे मानायचे ठरले. कामगार हरले. टाळेबंदीपासून काम पुन्हा सुरू होईपर्यंत ३१३ दिवस गेले होते.

दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप ज्या घरांनी सोसला, त्यांना पुढचे सांगायला नको. एकाच चाळीत, एकाच नळावर पहिल्या आणि दुसऱ्या युनियनची घरे. बायकांचे बोलणे बंद, पोरांचे खेळणे बंद, सख्ख्या भावांत वैर. ओमुतात ही दुफळी संप संपल्यावरही पिढीभर टिकली. पहिल्या युनियनच्या माणसांना कमी पैशांची, अवघड कामे मिळत राहिली. आणि सुरक्षेसाठी काम अडवून धरणारा आवाज खाणीत दुबळा झाला.

त्याची किंमत तीन वर्षांत चुकवावी लागली. ९ नोव्हेंबर १९६३, शनिवार, दुपारी सव्वातीनच्या सुमारास मिकावा खाणीच्या उतरत्या मार्गावर कोळशाच्या टबगाड्यांची जोडकडी तुटली. गाड्या सुसाट खाली घसरल्या. साचलेली कोळशाची धूळ उडाली, तिला ठिणगी लागली आणि स्फोट झाला. त्या वेळी जमिनीखाली सुमारे चौदाशे माणसे होती. ४५८ जण मेले. त्यांतले फक्त वीस प्रत्यक्ष स्फोटाने गेले. बाकीचे ४३८ बोगद्यांतून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने. आपल्याकडे धनबादजवळच्या चासनाला खाणीत डिसेंबर १९७५मध्ये पाणी शिरून ३७५ कामगार बुडाले, तो आकडा पुष्कळांच्या लक्षात असेल. मीइकेचा आकडा त्याहूनही मोठा आहे. कोळशाची धूळ झाडणे, तिच्यावर पाणी मारणे ही कामे उत्पादन वाढवत नाहीत. माणसे कमी करताना कात्री पहिल्यांदा लागते ती अशाच कामांना.

जे जिवंत वर आले त्यांतल्या ८३९ जणांना विषारी वायूने ग्रासले होते. बाहेरून धडधाकट, आतून मेंदू दुखावलेला. स्मरणशक्ती गेलेली, स्वभाव पालटलेला, क्षणात राग, मग तासन् तास शून्यात नजर. नवरा परत आला आणि तरी परत आला नाही, अशी कितीतरी घरांची गत झाली. १९६६मध्ये सरकारी तज्ज्ञांनी यांतले बहुतेक रुग्ण बरे झाल्याचे ठरवले आणि भरपाई थांबण्याची वेळ आली. तेव्हा बायका पुढे झाल्या. जुलै १९६७मध्ये त्या मिकावा खाणीत उतरल्या आणि सहा दिवस जमिनीखाली ठाण मांडून बसल्या. त्याच महिन्यात कार्बन मोनॉक्साइडबाधितांसाठीचा खास कायदा संसदेत मंजूर झाला. कंपनीवर फौजदारी खटला कधीच चालला नाही. निष्काळजीपणाची जबाबदारी कंपनीची, हे दिवाणी न्यायालयाने म्हणायला १९९३ साल उजाडले. तीस वर्षे. तोवर अनेक रुग्ण आणि त्यांच्या बायकाही गेल्या होत्या.

खाण त्यानंतरही समुद्राखाली पुढे सरकत राहिली. आतली हवा खेळती ठेवण्यासाठी अरिआके समुद्रात कृत्रिम बेटे उभारावी लागली. किनाऱ्यावरून आजही ती ठिपक्यांसारखी दिसतात. १९७०च्या सुमारास वर्षाला साठ लाख टनांहून अधिक कोळसा निघत होता. जानेवारी १९८४मध्ये मीइकेच्याच अरिआके खाणीत आग लागून आणखी ८३ माणसे गेली. आणि १९९७मध्ये सारे थांबले.

बंद होण्याची चाहूल आधीच लागली होती. शेजारच्या आराओ गावात मित्सुईने १९६६ सालीच मनोरंजन बाग काढली. ती आजही गर्दी खेचते. ओमुताने मात्र १९९५मध्ये ‘नेव्हल लँड’ नावाची नवी करमणूकनगरी उभारली आणि ती १९९८च्या अखेरीस बुडाली. खाणीपाठोपाठ पर्यायही गेला, आणि कर्ज गावाच्या माथी आले. तगले ते जुनेच: बंदर, आणि कोळशाच्या आधाराने वाढलेले रासायनिक कारखाने. खाणीच्या काळातली विजेची मालगाडीही एका कारखान्यासाठी मे २०२०पर्यंत धावत होती.

जुलै २०१५मध्ये मेइजी काळातल्या औद्योगिक क्रांतीची २३ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यांत मियानोहारा खाण, आराओतली मांदा खाण, जुना रेल्वेमार्ग आणि मीइके बंदर आहेत. गावाला अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. पण या यादीची कालमर्यादा १९१० साली संपते. त्यामुळे संप, स्फोट, युद्धकाळातली सक्तीची मजुरी हे सगळे चौकटीबाहेर राहिले. दक्षिण कोरियाने हरकत घेतली. अनेकांना मनाविरुद्ध आणून खडतर परिस्थितीत राबवले गेले, हे जपानला नोंदणीच्या वेळी मान्य करावे लागले. ती माहिती लोकांसमोर नीट मांडली गेली नाही, अशी तीव्र नाराजी युनेस्कोच्या समितीने २०२१मध्ये नोंदवली. १९१०ची रेघ सोयीची आहे. तिच्या अलीकडे पंप, बंदर, कर्तबगार अभियंता. पलीकडे मेलेली माणसे आणि न मिळालेला न्याय. अर्थात साखळदंडांतले कैदी रेघेच्या अलीकडेच आहेत, त्यामुळे ही सोय पुरती साधलेली नाही.

मिकावा खाण यादीत नाही. तरी ओमुताने ती पाडली नाही. सुट्टीच्या दिवशी तिचे फाटक लोकांसाठी उघडते. तिरक्या बोगद्याचे तोंड, कामगार ज्या वाटेने खाली उतरत ती जागा, यंत्रघरातली गंजलेली चक्रे आणि जुनी विजेची इंजिने पाहता येतात. कुमागाई हिरोको यांनी २००५मध्ये मीइकेवर माहितीपट केला, त्यात कैदी, कोरियन मजूर, दोन्ही युनियनचे लोक आणि वायूबाधितांच्या बायका, सगळ्यांची कहाणी येते. विशेष म्हणजे त्या प्रकल्पामागे गावाची नगरपालिका होती. आपल्या गावाची काळी बाजू स्वतः पैसे घालून नोंदवून ठेवणारी नगरपालिका मला तरी दुसरीकडे आढळलेली नाही.

आज जपानमधले आरोग्यसेवक ओमुताला येतात ते मात्र कोळशासाठी नव्हे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना गावाने कसे सांभाळावे, याचा पाठ ओमुताने घालून दिला आहे. २००४पासून इथे एक तालीम होते. एक जण वाट चुकलेल्या वृद्धाचे सोंग घेऊन रस्त्याने फिरतो. निरोप पोलीस, टपाल, टॅक्सीवाले, दुकानदार, शेजारी यांच्यापर्यंत पोचतो, आणि लोक त्याला शोधून, न घाबरवता, कसे बोलायचे याचा सराव करतात. शाळेतल्या मुलांना चित्रांच्या पुस्तकातून हा आजार समजावला जातो. वृद्धाला कोंडून न ठेवता तो निर्धास्त बाहेर फिरू शकेल असे गाव करायचे, हा त्यामागचा हेतू. खाणीचा आणि या कामाचा थेट धागा जोडण्याचा मोह मी टाळतो. तरीही ज्या गावात शेकडो घरांनी दुखावलेल्या मेंदूची माणसे तीस-चाळीस वर्षे घरातच सांभाळली, तिथे हे काम रुजावे याचे नवल वाटत नाही.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. मीइके जपान सरकारच्या ताब्यात आली त्याच दशकात इंग्रज सरकार चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला कोळसाखाण चालवत होते. तिच्यासाठी तिथवर रेल्वे नेली गेली. १९०६मध्ये ती खाण बंद पडली. आज वरोरा म्हटले की कोणाला खाण आठवत नाही. आठवते ते बाबा आमटेंचे आनंदवन. पण वरोऱ्याच्या त्या खाणीत कोण राबले, किती गेले, बंद झाल्यावर ती माणसे कुठे गेली, याची नोंद आपण किती ठेवली?

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी, उमरेड इथला कोळसाही कधीतरी संपेल, किंवा तो संपण्याआधीच जग त्याच्याकडे पाठ फिरवेल. तेव्हा काय करायचे हा प्रश्न त्या दिवशी विचारून उपयोग नाही. ओमुताचा दाखला स्पष्ट आहे. खाण भरात असताना बांधलेले बंदर तगले, खाण मरायला टेकल्यावर घाईने उभारलेली करमणूकनगरी तीन वर्षांत बुडाली. विदर्भातल्या कोळशावर स्वामित्वधन आज मिळते आहे, जिल्हा खनिज निधीत पैसा आज जमा होतो आहे. त्यातून कोळशाशिवाय उभे राहील असे काय बांधले, हे लोकप्रतिनिधींना आजच विचारायला हवे. आणि ज्यांनी वीस-तीस वर्षे जमिनीखाली पाळ्या केल्या ती माणसे अजून हयात आहेत, तोवर त्यांचे बोलणे कोणीतरी टिपून ठेवायला हवे.